वेलाचा दृष्टांत

भोपळा शेवटी केरबांनीच घेतला.

उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीतले लोक नव्या पिकातलं काही ना काही चर्चमध्ये आणतात. कुणी तांदळाचं गाठोडं, कुणी उसाची मोळी, कुणी पाय बांधलेली कोंबडी, कुणी परसातली दोन लिंबं. उपासना झाली की पायरीवर त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या पेटीत पडतात. चर्चच्या दारात उभं राहून घसा फोडून ओरडायची मुभा वर्षातून त्या एकाच दिवशी असते, त्यामुळे गंभीर माणसंसुद्धा त्या दिवशी वात्रट होतात. पैशाचं लिंबू रुपयाला जातं आणि घेणारा ते मिरवतो.

त्या रविवारी शांतवन आवळ्यांच्या गिरणीवरचा भोपळा वर आला. मंडळीतल्या हंबीररावांनी हौसेनं पहिली बोली लावली आणि मागून केरबांचा आवाज आला. केरबा म्हणजे शांतवनतात्यांचे व्याही, त्यांच्या एकुलत्या एका सुनेचे वडील, सणासाठी आदल्या दिवशीच गारगोटीहून आलेले. हंबीरराव हसत वाढवत होते, केरबा दात आवळून वाढवत होते. चार फेऱ्यांतच लोकांच्या ध्यानात आलं की ही काही गंमत नाही.

"पावणं, भोपळाच हाय, सोन्याचा न्हाय," हंबीरराव म्हणाले.

"तुमच्या कालवणात जायला नको, म्हून घेतोय," केरबा म्हणाले.

हंबीररावांनी बोली सोडली. केरबांनी भोपळा खांद्यावर टाकला, लेकीकडे बघितलं आणि फाटकाबाहेर पडले.

केरबांचा राग समजायचा तर तात्या समजायला हवेत. शिवाजी पेठेत आवळ्यांची गिरणी रस्त्याच्या तोंडाला आहे आणि घर तिच्या मागे. तात्यांच्या गिरणीत दळणाबरोबर दृष्टांत फुकट मिळतो, असं पेठेत म्हणत. दगडाला टाकी लावून खाचा पाडताना त्यांना माणसाचं काळीज आठवायचं, चाळणीतला कोंडा बघून न्यायाचा दिवस. दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ बघून बायका नाकं मुरडायला लागल्या, तेव्हा त्यांनी अरण्यात देवानं आकाशातून पाडलेला मान्ना सांगितला होता. शेजारच्या लालबीनं एकदा तक्रार केली, की माझ्या गव्हात आधीच्या बाईची ज्वारी आलीया. तात्या म्हणाले, "लालबी, आधीच्याचं थोडं आपल्यात येतंच, आपलं थोडं पुढच्यात जातं. म्हून तर एकमेकाला क्षमा करायची." लालबी म्हणाली, "क्षमा केली तात्या. आता पीठ तेवढं चाळून द्या."

ह्यात ढोंग कणभर नव्हतं. देव मोठ्या गोष्टींतच भेटतो असं मानणाऱ्यांची त्यांना कीव यायची. पण ज्याच्या हातात हातोडी, त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, तशातली गत. आणि त्या रविवारी, लिलावाआधीच्या उपासनेत, पाळकसाहेब बाहेरगावी गेल्यामुळे व्यासपीठच त्यांच्या हाती आलं.

व्यासपीठावर तात्या आधी पुस्तकी बोलत, पण दृष्टांत आला की त्यांची भाषा आपसूक घरी परतायची. भोपळा दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "ह्यो वेल आमच्या गिरणीच्या पत्र्यावर चढलाय. आषाढात पहिलं फळ धरलं, पिवळं पडलं आन् गळालं. म्हून वेल रुसला व्हय? न्हाय. त्येनं दुसरं फूल काढलं, आन् ह्यो भोपळा आज प्रभूपुढं हाय."

इथं थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण ते पुढं म्हणाले, "आमच्या घरात बी पहिलं फळ गळालं. श्रावणात. सातव्या म्हैन्यात लेकरू मेलेलंच जन्मलं. पन आमची सून, सुवार्ता, ती बघा तिकडं बसलीया, डोळ्यांतनं टिपूस काढलं न्हाय तिनं. पंधरवड्यात गिरणीत हुबी ऱ्हायली. विश्वास असावा तर असा!"

सगळ्या माना वळल्या. सुवार्ता बायकांच्या बाजूला, खांबाजवळ बसली होती. लेकरू पोटातच गेलं हे पेठेत जवळच्या दोन-चार घरांना माहीत होतं. बाकीच्यांनी काहीबाही अंदाज बांधला होता. आता सगळ्यांना कळलं. उपासनेनंतर मंडळीतल्या विठाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "बाई गं, तुझ्यासारखा विश्वास आमास्नी बी मिळू दे." सुवार्ताला त्या हातांचा वास आला, खोबरेल तेलाचा, आणि तिनं तोंड सोडवून घेतलं.

*

घरी आल्यावर आक्का आधी केरबांवरच चिडल्या. आक्का म्हणजे तात्यांची बायको. त्यांचं खरं नाव आता त्यांनाही वापरायची सवय राहिली नव्हती. व्याह्यानं चारचौघांत भोपळ्यासाठी भांडावं, म्हणजे घराची झाकली मूठ उघडी करायची रीतच झाली. तोच भोपळा आता माजघराच्या उंबऱ्याशी बसला होता आणि जाणारायेणाऱ्याच्या पायात येत होता.

"एवढं काय वंगाळ बोलले गं ते?" रस्सा ढवळत आक्का म्हणाल्या. "तुजं कौतुकच केलं की."

"व्हय, आत्ती," सुवार्ता म्हणाली. ती भाकरी थापत होती. भाकरी नेहमीसारखी गोल, कड न चिरलेली. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवून तिनं हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

पत्र्याचा तो आवाज आक्कांनी ओळखला. दारात येऊन त्यांनी बघितलं. दोन लुगडी आत गेली होती.

"आगं, कुटं निघालीस?"

"दादांसंगट, गारगोटीला. चारच्या एष्टीनं."

"किती दिवस?"

सुवार्तानं तिसरं लुगडं ठेवलं, मग चौथं, मग लग्नातलं. माहेरी चार दिवस जाणारी बाई लग्नातलं लुगडं नेत नाही, हे आक्कांना सांगावं लागलं नाही. ही पोरगी ह्या घरात आल्यापासून त्यांना गिरणीचा धूळकट पसारा एकटीनं उपसावा लागला नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुपारी बोलायला माणूस मिळालं होतं.

"बरन्याला सांगिटलंस?" त्यांनी विचारलं.

"त्यास्नी काय सांगायचं? त्यास्नी काय फरक पडतोय?"

*

बर्नबाला फरक पडत होता, पण तो कुणाला दिसेल असं तो वागत नव्हता. सुवार्ताचा हा बत्तीस वर्षांचा नवरा गिरणीचा पट्टा एका हातानं चढवायचा आणि वडिलांसमोर मात्र मान वर करायचा नाही. जेवायला तो तात्यांच्या शेजारी बसला. केरबा समोर पाटावर बसले, पण त्यांनी ताटाला हात लावला नाही, पाण्याचा तांब्या तेवढा जवळ ओढला.

"व्याही, अन्नावर राग काढू नये," तात्या म्हणाले.

"राग अन्नावर न्हाय," केरबा म्हणाले. "मी लेक दिली ती नांदवायला. व्यासपीठावर उचलून दावायला न्हाय दिली."

"मी वाईट बोललो काय? सांगा. एक शबुद दावा."

"शबुद चांगलं हुतं. म्हून तर लोकांनी भोपळ्याला भाव दिला."

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांना खरंच कळत नव्हतं. सून आतल्या आत कुढू नये, मंडळीनं तिला आधार द्यावा, म्हणून तर ते बोलले होते. त्यांनी समजुतीच्या सुरात सुरुवात केली, "हे बघा व्याही, राग म्हंजे गिरणीचा पट्टा. लई ताणला की तुटतोय आन् ढिला सोडला की..."

"तात्या, बास."

बर्नबा बोलला होता. तात्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू कोपऱ्यातलं वजनाचं माप बोललं. केरबांनीही बघितलं. जावई हा आपल्या बाजूनं बोलेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. तो सासरच्याच धोंड्यांतला एक, असं त्यांनी धरलं होतं.

"काय म्हनालास?"

"बास म्हनालो. सारख्या गोष्टीची गोष्ट करू नका." बर्नबाचा घास हातातच होता. "कवा तरी गोष्ट तशीच ऱ्हाऊ दे की."

आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. सुवार्ता ती उंबऱ्यापर्यंत घेऊन आली, पण वाटेत भोपळा होता. तिनं ट्रंक खाली ठेवली. मग ती डोक्यावरचा पदर सारखा करून तात्यांच्या समोर उभी राहिली. सासऱ्यासमोर अशी उभी राहायची ही तिची पहिलीच वेळ.

"मामा, तुम्ही चर्चमधी सांगितलंसा, मी टिपूस काढलं न्हाय म्हून."

"व्हय, पोरी. मला अभिमान वाटला त्येचा."

"मी रोज रडते, मामा. गिरणी चालू असली की रडते. मोटार सुरू झाली की कुणाला काय ऐकू येत न्हाय. मी पिठाच्या डब्याकडं तोंड करून रडते आन् तुम्ही माझ्या पाठीमागं गिऱ्हाइकास्नी दृष्टांत सांगत असतायसा. लालबी काकीला ठावं हाय. तिनं माझं तोंड पुसलंय तिच्या पदरानं. तुमास्नी वेल दिसला, वेलाचं गळालेलं फळ दिसलं. मी दिसली न्हाय."

कुणी जेवत नव्हतं. केरबांनी डोळे मिटून घेतले. हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि बापाला ते ऐकणं जड गेलं.

"आन् ते फळ न्हवतं," सुवार्ता म्हणाली. आता तिचा आवाज फाटला. "माझी पोरगी हुती. दवाखान्यात मला दावली बी न्हाय. फडक्यात गुंडाळून घिऊन गेलासा. कुटं ठेवली ते बी कुणी सांगितलं न्हाय. मी तिचं नाव ठेवलं हुतं मनात. ते बी कुणी विचारलं न्हाय."

"आगं, मेल्या लेकराला नाव ठेवत न्हाईत," आक्का घाईनं म्हणाल्या. "नाव ठेवलं की जीव अडकतोय त्यात. मागनं दुसरं..."

"अडकलाच हाय की, आत्ती," सुवार्ता म्हणाली.

आक्का चुलीशी बसल्या होत्या, हातात पळी होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा पहिला मुलगा तापानं गेला, पाळण्यातला. दुसऱ्या दिवशी तात्या गिरणीवर गेले आणि संध्याकाळी येऊन त्यांनी गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत सांगितला: दाणा मातीत पडल्याशिवाय पीक येत नाही. तो तात्यांचा पहिला दृष्टांत. आक्का तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी मान डोलावली होती आणि उरलेलं रडू गिळलं होतं, आणि तेव्हापासून घरात कुणी गेलं की हाच रिवाज पडला. आपल्याला गिळावं लागलं म्हणून ह्या पोरीलाही आपण गिळायला लावलं, हे त्यांना आत्ता, रस्सा गार होत असताना, स्वच्छ दिसलं आणि स्वतःचाच राग आला.

"अवं," त्या तात्यांना म्हणाल्या, "लाजर मेला, त्येच्या थडग्यापाशी प्रभू आला, तवा लाजराची भन मरीया रडत हुती. त्येनं तिला काय येलाची गोष्ट सांगितली?"

तात्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"रडला की तो. तिच्याबरूबर. लाजराला मरनातनं उठवायचा हुता, तरीबी आदी रडला. तुमीच वाचून दावता की दरसाली. मग घरात कसं इसरता?"

*

तात्यांनी हात धुतले. भाकरी अर्धी उरली होती आणि अन्न टाकू नये हा त्यांचाच नियम होता, पण घास उतरला नसता. ते उठून गिरणीत गेले. रविवारची गिरणी बंद होती. सुवार्ता जिथं उभी राहायची तिथं, पिठाच्या डब्याजवळ, ते थोडा वेळ उभे राहिले. तिथून त्यांची स्वतःची बसायची जागा हाताच्या अंतरावर होती. सवयीनं मनात काहीतरी जुळायला लागलं, बंद गिरणी, शांतता, देवाचा मंद आवाज, आणि त्यांना त्याची किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक चांगला दृष्टांत अर्ध्यातच टाकून दिला.

ते घरात परत आले तेव्हा सुवार्ता भिंतीशी बसली होती आणि केरबा ट्रंकेवर.

"पोरी, माझी चूक झाली," तात्या म्हणाले. पुढं 'कारण' म्हणायची त्यांना भारी ओढ लागली, पण त्यांनी जीभ आवरली. "चल. तुला जागा दावतो. मग व्याह्यांसंगट जायचं आसंल तर जा. मी अडवनार न्हाय."

सुवार्तानं वडिलांकडं बघितलं. केरबा उठले. "चल," ते म्हणाले. "मी बी येतो."

पाचही जण निघाले. आक्कांनी कडी लावली. लालबी दारात तांदूळ निवडत होती. तिनं सगळ्यांचे चेहरे बघितले, सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली.

*

कबरस्तान गावाबाहेर नव्हतं, पण चालायला लांब होतं. पाऊस संपून महिना झाला होता आणि आत गुडघाभर गवत माजलं होतं. जुन्या कबरींचे दगड गवतातून डोकं काढून होते. लहान लेकरांची जागा पश्चिमेच्या भिंतीलगत होती. तिथं दगड फारसे नव्हतेच.

तात्या पुढं झाले. "हितंच," ते म्हणाले आणि दोन पावलं चालले. "न्हाय, ह्या अंगाला. कडुनिंबापास्नं..." ते थांबले, मागं फिरले, काठीनं गवत बाजूला केलं. सगळीकडं सारखंच होतं. त्या दिवशी पाऊस होता, गिरणीत दळणं साचली होती, त्यांना घाई होती. लेकराला त्यांनीच हातांवर आणलं होतं, खड्डा बर्नबानं काढला होता, आणि घरी जाऊन मशीन सुरू करायची त्यांना इतकी गडबड होती की खूण म्हणून एक धोंडाही त्यांनी ठेवला नाही. पत्र्यावरच्या वेलाचं पहिलं फळ कुठल्या फांदीवरून गळालं, ते त्यांना पक्कं आठवत होतं. ही जागा आठवत नव्हती.

"मला सापडंना," ते म्हणाले. काठी टाकून ते गवतात मटकन खाली बसले. "आरं देवा. मला सापडंना."

सुवार्ताचा चेहरा पांढरा पडला. केरबा काही कडू बोलणार होते, त्यांचं तोंडही उघडलं होतं. पण बर्नबा सगळ्यांच्या मधून चालत पुढं गेला. त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही. भिंतीच्या एका पोपडा गेलेल्या जागेसमोर तो थांबला, खाली बसला आणि हातानं गवत दुभंगलं. आत जमीन स्वच्छ होती. कुणीतरी तिथलं गवत उपटून टाकत होतं, आणि चार गुळगुळीत धोंडे चौकोनात लावले होते.

"हितं हाय," तो म्हणाला.

"तुमास्नी कसं ठावं?" सुवार्तानं विचारलं.

"येतोय मी." बर्नबानं मान खाली घातली. "फुटबॉलची म्याच बघायला जातो म्हून सांगतो, तवा हितं येतो. आक्का म्हनाली हुती, हिला सांगू नगं, जीव अडकंल. मला वाटलं तू इसरालीयास. मग मी कशाला इशय काडू?"

"मला वाटलं, तुम्हीच इसरला," सुवार्ता म्हणाली.

ती त्याच्या शेजारी बसली. श्रावणापासून एका घरात, ताटाला ताट लावून जेवणारी ही दोन माणसं, एकमेकाला सांभाळायचं म्हणून एकमेकांपासून लपत होती. तिनं एका धोंड्यावर हात ठेवला आणि तो दुपारच्या उन्हानं तापलेला होता.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मामा, प्रार्थना करा."

तात्या गवतातून उठले. त्यांनी टोपी काढली. सुवार्ता आणखी काही बोलेल म्हणून ते थांबले, मग त्यांनीच विचारलं, "पोरी, नाव काय ठेवलंयस?"

"फिबी."

तात्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेत त्यांना शब्दांची कधी टंचाई पडली नव्हती. लांब प्रार्थनेला मंडळीतली पोरं कंटाळून चुळबुळ करायची. केरबांना वाटलं, म्हातारा आता कडुनिंबावरून सुरू करतोय की गवतावरून.

"बापा," तात्या म्हणाले, "ही फिबी. आमच्या बर्नबाची आन् सुवार्ताची. आमची थोरली नात." त्यांनी दोनदा श्वास घेतला. "हिला जवळ घे. आमास्नी लई दुःख झालंय. आमेन."

"आमेन," आक्का म्हणाल्या. थोरली हा शब्द त्यांच्या कानात राहिला. म्हणजे पुढं कधी झालंच, तर ते दुसरं. त्यांना आपला पाळण्यातला मुलगा आठवला आणि त्या तोंडाला पदर लावून, कुणाची पर्वा न करता रडायला लागल्या. तात्या त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांचेही डोळे वाहत होते, आणि ते काही म्हणजे काही बोलत नव्हते.

सुवार्ता मात्र नवऱ्याकडं बघत होती.

"अवं, तुम्ही बघितलंसा न्हवं तिला? त्या दिवशी?"

"व्हय. फडकं सारलं हुतं मी. पुरायच्या आदी."

"कशी हुती?"

बर्नबाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तळहात पॅंटला पुसले.

"क्यास लई हुतं," तो म्हणाला. "काळंभोर, पार कानावर आल्तं. आन् नाक..." तो अडला.

"सांगा की."

"नाक तुझंच. बारीक. वरचा ओठ बी तुझा. मूठ मिटल्याली, लई घट्ट. मी बोट घालून बघितलं, तर उघडंना." तो रडत होता आणि हसतही होता. "माझ्या आक्कावानी हट्टी दिसत हुती."

आक्का पदर खाली घेऊन दोन पावलं पुढं आल्या. "आन् कान?" त्यांनी विचारलं. "कान कुणाचं, रं?"

बर्नबानं तेही सांगितलं. केरबांनी उन्हाकडं बघितलं. चारची एष्टी आता मिळण्यातली नव्हती. ते गवतात मांडी घालून बसले आणि जावयाला म्हणाले, "पुन्यांदा सांगा, पावणं. पहिल्यापास्नं सांगा. मी बी आजाच हाय की तिचा."